गंज निघतो, तडा नाही

जुन्या सामानाच्या दुकानात भांड्यांच्या ढिगापुढे उभं राहिलं की नजर आधी चकचकीत वस्तूंकडे जाते. ही सवय मोडायला हवी. विकायच्या आदल्या दिवशी घासून चकाकी कुणीही आणू शकतं. काळंकुट्ट, गंजलेलं, बोटाला चिकटणारं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड भांडं मात्र टेबलाखाली पडून राहतं, आणि कित्येकदा त्या टेबलावरच्या सगळ्या वस्तूंपेक्षा ते सरस असतं. समोर दिसतोय तो दोष घरी घालवता येईल का, एवढंच ठरवायचं असतं. गंज, जळका थर, जुन्या तेलाचा चिकटा, गेलेली धार, कडक झालेलं रबर हे सगळं घालवता किंवा बदलता येतं. तडा, फुगलेलं बूड, सोललेला नॉनस्टिक थर आणि आता कुठेच न मिळणारा झडपेचा भाग यांना इलाज नाही.

घरातून निघताना पिशवीत लहानसं लोहचुंबक, 15 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, टॉर्च, ओलं फडकं आणि मोजायची टेप ठेवा. आपल्या ओव्हनची आतली लांबी-रुंदी, शेगडीच्या दोन बर्नरमधलं अंतर आणि घरात झाकणाविना पडलेल्या भांड्यांच्या काठांचे व्यास कागदावर लिहून घ्या. लांब दांड्याचं भांडं घरी आणल्यावर ओव्हनचं दार लागत नाही, हे फार वेळा होतं. झाकणांच्या ढिगात तर टेपशिवाय हात घालूच नये.

आता बीड. बिडाचं भांडं उपडं करून बुडावर पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेडाची रेघ मधोमध दिसली तर बूड आत गेलंय; कडांना दिसली तर बाहेर आलंय. विक्रेत्याच्या टेबलावर ठेवून डगमगतं का बघण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण टेबलच वाकडं असू शकतं. गॅसच्या ज्योतीवर थोडा बाक चालून जातो. काचेच्या सपाट शेगडीवर मात्र बाहेर आलेल्या बुडाचा तवा भोवऱ्यासारखा फिरतो, आणि तो दोष निघत नाही.

तड्याची परीक्षा कानाने करायची. भांडं दांड्याच्या भोकातून बोटावर लटकवा आणि लाकडी चमच्याने काठावर टकटक करा. धड बीड घंटेसारखा लांबणारा नाद देतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आवाज शंकास्पद वाटला तर काठावरून, दांड्याच्या मुळाशी आणि ओतायच्या चोचीपाशी ओलं फडकं फिरवा. बाकीचा भाग वाळला तरी केसासारख्या भेगेत पाणी थोडा वेळ टिकून राहतं आणि काळी रेघ उठून दिसते. ओतकामाची उंचवट्याची रेघ आणि तडा यांत नखाने फरक कळतो. तड्यात नख अडकतं. तडा गेलेलं बीड तापून-निवून एक दिवस दुभंगणारच, तेव्हा ते कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या.

वरवरच्या तांबूस गंजाला अजिबात घाबरू नका. नखाच्या टोकाने जाणवतील असे खोल खड्डे स्वयंपाकाच्या बाजूला असतील तरच विचार करा. जुन्या अमेरिकन बिडाला लोक इतकं का शोधतात, ते हात फिरवला की कळतं. पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या ग्रिसवोल्डची आणि ओहायोतल्या सिडनी गावच्या वॅगनरची जुनी भांडी आतून घासून गुळगुळीत केलेली असत, आणि आजच्या बऱ्याच खरखरीत बिडापेक्षा ती हलकीही असतात. अशा भांड्यावरचा 8 हा आकडा इंचांचा नव्हे. जुन्या लाकूड-कोळशाच्या शेगडीच्या भोकाचा तो क्रमांक आहे, आणि 8 क्रमांकाच्या तव्याचा वरचा व्यास साधारण साडेदहा इंच भरतो.

एक धोका मात्र डोळ्याला नीट दिसत नाही. मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी जुन्या बिडाच्या भांड्यात शिसं वितळवण्याची पद्धत होती. आत राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठेल असे थेंब किंवा डाग दिसले, किंवा भांडं मासेमारीच्या सामानाच्या खोक्यात सापडलं, तर ते स्वयंपाकाला घेऊ नका. घासून किंवा वर तेलाचा थर चढवून शिशाची खात्रीने विल्हेवाट लागत नाही.

घरी आणल्यावर जुना जळका थर काढायला कॉस्टिक सोडा लागतो. प्लॅस्टिकच्या बादलीत 20 लिटर थंड पाणी घ्या आणि त्यात 450 ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडाथोडा घाला. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, कारण उष्णता एकदम निघून द्रावण अंगावर उसळतं. डोळ्यांवर गॉगल आणि हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे हवेतच. बादली उघड्या हवेत, झाकून, मुलाबाळांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. थर किती जुना आहे त्यावर दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. सोडा बिडाला खात नाही, त्यामुळे घाई नाही. पण अ‍ॅल्युमिनियमची कुठलीही वस्तू त्यात गेली तर ती विरघळते आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. दांडा लाकडी असेल तर तो आधी काढून ठेवा.

थर निघाल्यावर खालचा गंज उघडा पडतो. त्यासाठी व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात भांडं बुडवा आणि दर अर्ध्या तासाने काढून तारेच्या घासणीने घासा. रात्रभर ठेवू नका. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं आणि पृष्ठभाग खरखरीत, काळपट होतो. धुतल्या धुतल्या फडक्याने पुसून लगेच आचेवर कोरडं करा, कारण उघडं बीड काही मिनिटांत पुन्हा तांबूस पडतं.

मग तेलाचा थर. भांडं हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम असताना आतून-बाहेरून, दांड्यालाही पातळ तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने ते सगळं पुसून टाका, तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत. उपडं करून 230 ते 250 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये एक तास ठेवा आणि ओव्हनमध्येच निवू द्या. असं तीन-चार वेळा करा. थर चिकट राहिला तर बहुतेक वेळा तेल जास्त झालेलं असतं किंवा उष्णता कमी पडलेली असते. जाड तेलाचे थेंब जमतात आणि आतपर्यंत कडक होत नाहीत. गंज झटपट जाळायला भांडं थेट निखाऱ्यात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जास्त तापलेलं बीड वाकतं, तडकतं किंवा कायमचं लालसर पडतं, आणि त्या लालसर भागावर तेलाचा थर नीट धरत नाही.

एनॅमल, म्हणजे काचेसारखा लेप, दिलेल्या बिडाला हे काहीही करायचं नाही. त्यात फक्त आतला पृष्ठभाग बघायचा. बाहेरचा टवका दिसायला वाईट, पण चालतो. आतला टवका म्हणजे काचेची कपची कधीतरी अन्नात येणार. असं भांडं कुंडी म्हणून घ्या, स्वयंपाकाला नको.

स्टीलच्या भांड्यांत काळे डाग, निळी-जांभळी झाक, पांढुरके ठिपके यांनी भाव उतरतो, आणि नेमके तेच सगळ्यात सहज जातात. निळी झाक आणि क्षारांचे ठिपके व्हिनेगरने पुसले की निघतात. जळका थर दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून पाणी पंधरा मिनिटं उकळलं की सुटतो. उरलेल्यासाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेली घासायची पावडर वापरा.

खरं बघायचं ते बूड आणि काठ. बुडाला जाड तबकडी जोडलेली असेल तर सांध्याच्या कडेने नख फिरवा. फट, फुगवटा किंवा हलवल्यावर खुळखुळ असेल तर तबकडी सुटते आहे. अशा भांड्याला रिकामंच आगीवर राहिल्याचा इतिहास असू शकतो, आणि फारच तापलं तर मधला अ‍ॅल्युमिनियम वितळून बाहेर पडतो. काठापर्यंत तीन थर असलेल्या भांड्याच्या काठावर स्टीलच्या दोन रेघांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची करडी रेघ दिसते. वर्षानुवर्षं डिशवॉशरमध्ये गेलेल्या भांड्यात ती रेघ खाली खचलेली असते, कारण तिथली तीव्र पावडर अ‍ॅल्युमिनियम खाते. मग दोन्ही बाजूंचं स्टील पात्यासारखं धारदार उरतं आणि धुताना बोटं कापतात. काठावरून बोट फिरवायचं ते म्हणूनच हलक्या हाताने. लोहचुंबक बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालेल. आतून न चिकटणं हा दोष नाही, 18/8 आणि 18/10 (क्रोमियम आणि निकेलचे टक्के) स्टीलला ते सहसा चिकटतच नाही.

तांब्याचं भांडं म्हणून समोर येणाऱ्या बऱ्याच वस्तू लोखंडावर मुलामा दिलेल्या असतात. लोहचुंबक दांडा सोडून भांड्याच्या अंगाला चिकटलं की संशय घ्या. खरं स्वयंपाकाचं तांबं दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि उचलल्यावर त्याचं वजन मनगटाला कळतं. आतली कल्हई झिजून लाल तांबं रुपयाएवढं उघडं पडलं असेल तर नवी कल्हई करून घेतल्याशिवाय, निदान आंबट काही, त्यात शिजवू नये. कल्हई करणारा कारीगर हाताशी आहे का, हे भांडं घेण्याआधी ठरवा. नंतर शोधाशोध करत भांडं वर्षभर फडताळात पडतं. कल्हईचं कथिल 232 अंशांना वितळतं, तेव्हा आत रुप्यासारखे गोठलेले मणी दिसले तर आधीच्या मालकाने ते रिकामं तापवलंय असं समजा.

नॉनस्टिक जुनं घेऊच नका. त्याचं आयुष्य मुळात थोडं, ते किती तापवलं गेलं हे कळायला मार्ग नाही, आणि एकदा सोलला की तो थर घरी परत बसत नाही. खडबडीत ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, कुठलाही शिक्का नसलेली भांडीही टाळलेली बरी. ती मिश्र भंगारातून ओतलेली असू शकतात आणि त्यात शिसं सापडलेलं आहे.

काचेबद्दल थोडं सावध राहायला हवं. कॉर्निंग कंपनीने 1915 मध्ये पायरेक्स बाजारात आणलं ते बोरोसिलिकेट काचेचं. पुढे अमेरिकेत त्याच नावाखाली कडक केलेली सोडा-लाइम काच विकली जाऊ लागली. ती आदळआपट बरी सोसते, पण थंड-गरमचा एकदम बदल तिला तितका सोसत नाही. नाव मोठ्या अक्षरांत आहे की लहान, यावरून काच ओळखता येते असं लोक सांगतात. ती खूण पक्की धरू नका. नाव काहीही असो, काठाला कपची उडालेलं किंवा बुडाला खोल ओरखडा असलेलं काचेचं भांडं ओव्हनमध्ये घालू नये. ओव्हनमध्ये फुटायला तेवढी जागा पुरते. जुन्या चिनीमातीवर आतल्या बाजूला चढवलेली भडक नक्षी असेल, किंवा झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडल्या असतील, तर ते भांडं शोभेला. घरगुती चाचणीत शिसं नाही असं दिसलं तरी त्यावर विसंबू नका.

विजेच्या यंत्रांना जागेवर चालवून पाहिल्याशिवाय हात लावू नये. प्लग लावायला जागा नाही असं विक्रेता म्हणाला तर ते यंत्र बंद आहे असं धरूनच भाव करा. पहिल्यांदा यंत्राच्या बुडावरची, व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचा. 110-120 व्होल्टचं यंत्र 220-240 व्होल्टला लावलं तर मोटर क्षणात जळते, आणि मोठ्या मोटरीला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर यंत्रापेक्षा महाग पडू शकतो. वायर ताठ, तडकलेली किंवा कापडी वेष्टनाची असेल तर ती बदलावी लागणार. तापणाऱ्या जुन्या यंत्रांच्या कापडी वायरींत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, तेव्हा सुटे धागे निघालेलं कापड कुरतडत बसू नका.

उभे स्टँड मिक्सर हा या सगळ्या शोधातला सगळ्यात समाधान देणारा भाग आहे, कारण ते दुरुस्तीसाठीच बनवल्यासारखे असतात. किचनएड नावाचे घरगुती मिक्सर 1919 पासून होबार्ट कंपनी बनवत होती. 1986 मध्ये तो व्यवसाय व्हर्लपूलकडे गेला. होबार्टचं नाव असलेला किचनएड म्हणूनच साधारण तेवढा जुना. सगळ्यात हळू गतीपासून वरपर्यंत एकेक पायरी चालवा. हळू गतीलाही तो वेगातच फिरला तर गती सांभाळणारा भाग बिघडलाय, आणि तो बदलता येतो. मोटर फिरते, आतून खरखर येते, पण फिरकी थांबते, असं झालं तर एक दात्याचं चाक गेलंय. ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे भार जास्त झाला की ते तुटावं आणि मोटर वाचावी. सुटा भाग मिळतो आणि निवांत बसलं तर एका दुपारचं काम आहे. बंद मिक्सरच्या डोक्यातून भांड्यात तेल ठिबकत असेल तर ग्रीसमधलं तेल वेगळं झालंय. डोकं उघडून जुनं ग्रीस खरवडून काढा आणि अन्नाला चालेल असं नवं शे-दीडशे ग्रॅम भरा. ठिणग्या थोड्या उडत असतील तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजलेले असू शकतात. जळका वास येऊन मोटर दम टाकत असेल तर मात्र नको.

याच मिक्सरची चपटी फिरकी हातात घेऊन बोट फिरवा. बोटाला करडी पूड लागली तर ती अ‍ॅल्युमिनियमची फिरकी डिशवॉशरमध्ये जाऊन आलीय. फिरकी नवी घ्या, मिक्सर सोडू नका. ती भांड्याच्या तळापासून किती उंच चालते ते डोक्याच्या मानेतल्या एका स्क्रूने जुळवता येतं. भांड्यात पातळ नाणं टाकून हळू चालवा. फिरकीने प्रत्येक फेरीत नाण्याला जेमतेम पुढे ढकललं पाहिजे. नाणं तिथेच राहिलं तर फिरकी उंच आहे, सारखं गरगर फिरलं तर फार खाली.

फूड प्रोसेसरमध्ये पातं बघा. क्विझिनार्ट कंपनीने डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेतली सुमारे 80 लाख रिव्हेट मारलेली पाती परत बोलावली, कारण त्यांना तडे जाऊन तुकडे अन्नात पडत होते. ते जुने प्रोसेसर अजून विक्रीला येतात, आणि कित्येकांत पातं तेच असतं. मॉडेलचा क्रमांक फोनवर टाकून बघायला दोन मिनिटं पुरतात. झाकण नसेल तर घेऊ नका, बहुतेक प्रोसेसर झाकण बसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. वाटणाच्या मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून खाली फडकं ठेवा. ठिबकलं तर बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची नळी) किंवा रबर गेलंय. पातं बोटाने हलवल्यावर बाजूला खडखडत असेल तर बेअरिंगही.

प्रेशर कुकरच्या बाबतीत तडजोड नको. झाकण आणि भांडं एकाच संचातलं आहे का, झाकणावरचं वजन (शिट्टी) त्याच मॉडेलचं आहे का, सुरक्षा झडप जागेवर आहे का, आणि रबर व झडप आजही मिळतात का, यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल तर पुढे चला. वाफेच्या नळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. काठाला पोचा आलेला असेल तर नव्या रबरानेही वाफ धरत नाही. घरी नवं रबर आणि नवी झडप घालून पहिल्यांदा अर्धा लिटर पाण्यावरच चालवून बघा.

सुरी डोळ्याच्या रेषेत धरून पाठीवरून बघा, वाकलीय का ते लगेच कळतं. मग धार सपाट फळीवर टेकवून मागून उजेड धरा. मुठीजवळ पोकळी दिसली तर वर्षानुवर्षं चुकीची धार लावलीय, आणि बरंच स्टील काढल्याशिवाय ती सरळ होणार नाही. तुटलेलं टोक हा मोठा दोष नाही. पाठीच्या बाजूने घासून नवं टोक काढता येतं, फक्त यंत्राच्या दगडावर ते पाण्यात बुडवत बुडवत करा. स्टील निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. साधी धार 1000 क्रमांकाच्या दगडावर, 15 ते 20 अंशांत येते.

वजनकाट्याची बॅटरीची जागा उघडून हिरवा-पांढरा गंज बघा. व्हिनेगरचा बोळा फिरवला की बहुधा संपर्क परत येतो. परीक्षेला बंद एक लिटर पाण्याची बाटली धरा, ती रिकाम्या बाटलीच्या वजनासह एक किलोच्या थोडी वर भरते. पाऱ्याचा थर्मामीटर नको.

हॉटेल बंद होताना निघणाऱ्या लिलावात यंत्रांपेक्षा भांडी बघावीत. त्यांचे आकार ठरलेले असतात. या मापांना गॅस्ट्रोनॉर्म म्हणतात. पूर्ण भांडं 530 गुणिले 325 मिलिमीटर, अर्धं 325 गुणिले 265. घरच्या ओव्हनमध्ये अर्धं बहुधा मावतं, पूर्ण बहुधा नाही. तिथली मोठी यंत्रं तीन फेजवर चालणारी असू शकतात, घरच्या जोडणीवर ती लागत नाहीत. सेल कुठलाही असो, निवड हवी तर पहिल्या दिवशी सकाळी जा, घासाघीस करायची तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी. यंत्राचं झाकण, पाती, सुटे भाग बऱ्याचदा दुसऱ्याच खोक्यात जाऊन पडलेले असतात. भाव ठरवण्याआधी टेबलाखालची खोकी तळापर्यंत बघा.

घरी आणलेलं विजेचं यंत्र सरळ स्वयंपाकघरात नेऊ नका. मोटरीच्या उबेला झुरळं राहतात, आणि जाळीतून टॉर्च मारला की त्यांची तपकिरी, शेंगेसारखी अंडी कोपऱ्यांत चिकटलेली दिसतात. बाहेरच तळाचे स्क्रू काढून ब्रशने आणि हवेच्या फुंकरीने आतला भाग साफ करा, रबरी पाय उचकटून खाली बघा, मग बंद करून पिशवीत बांधून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उघडून बघा, नवी पिल्लं दिसली नाहीत तर यंत्र आत न्या.